सुराच्या आधीची आरोळी

अम्म बय्यूमी, म्हणजे बय्यूमीकाका, माझ्या आयुष्यात आले ते वहीतली एक नोंद म्हणून.

"शुब्रा, दुपारी एकचा खेळ. प्रेक्षक एकतीस. पहिल्या गाण्यात चारजण मोबाईलवर. आईच्या मरणाच्या प्रसंगाला एक बाई रडली. शेवटच्या मैफलीत मागच्या रांगेतला म्हातारा उठून दाराशी जाऊन उभा राहिला."

ते माझं कामच होतं. गायिका नाझिमा हानम, म्हणजे नाझिमा बाईसाहेब, यांच्या आयुष्यावर सिनेमा निघाला होता आणि त्याचा आवाज आमच्या स्टुडिओत बांधला गेला होता. ईदला सिनेमा लागला. लोक कुठे हसतात, कुठे खोकतात, कुठे आवाज कमी पडतो हे थिएटरात बसून लिहून आणायला मला पाठवलं होतं. कैरोच्या शुब्रा भागातल्या त्या जुन्या थिएटरची तक्रार होती की डावीकडचे स्पीकर घरघरतात. म्हणून तिथे मी सलग पाच दिवस गेलो.

दुसऱ्या दिवशी तोच म्हातारा होता आणि तीच जागा. शेवटची मैफल सुरू झाली तसा तो उठला, दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि उजवा हात किंचित वर उचलून त्यानं तोंड उघडलं. पडद्यावर पहिल्या रांगेतला देखणा श्रीमंत प्रियकर ओरडला, "एवढ्यात नको, हानम!" थिएटरात टाळ्या वाजल्या, दोन पोरींनी शिट्ट्या मारल्या. म्हाताऱ्यानं तोंड मिटलं आणि हात खाली केला.

ही आरोळी आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही? पाहुणा निघायला उठला की घरोघरी म्हणतात, "एवढ्यात नको, हानम!" मायक्रोबसच्या मागच्या काचेवर ती लिहिलेली असते. एकोणसत्तर साली एका मैफलीत नाझिमा हानम ओळीच्या शेवटच्या सुराकडे उतरत होत्या. सूर टेकला की श्रोत्यांनी "अल्लाह!" म्हणायचं आणि टेकायच्या आधी श्वाससुद्धा मोठा घ्यायचा नाही, ही इथली रीत. त्या दिवशी कुणीतरी एक श्वास आधीच ओरडलं. हानम हसल्या, सूर न टेकवता पुन्हा वर गेल्या आणि तीच ओळ त्यांनी आणखी अकरा वेळा अकरा तऱ्हांनी गायली. त्या अकरा फेऱ्यांवर त्यांचं नाव टिकून आहे. ओरडणारा कोण ते मात्र कधी कळलं नाही. आपल्याच काकानं ती आरोळी मारली असं सांगणारी कैरोत निदान पन्नास घरं असतील. माझ्या आईचा एक मावसभाऊसुद्धा तसंच सांगायचा, आणि त्या साली तो अलेक्झांड्रियाच्या बंदरात नोकरीला होता.

तिसऱ्या दिवशी मध्यंतरात मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते भोपळ्याच्या बिया खात होते. टरफलं जमिनीवर न टाकता कागदाच्या पुडीत ठेवत होते.

"सिनेमा फार आवडलाय वाटतं, हाजी?"

"आवडलाय? हा? अरे, ही पोरगी हानमसारखी मान तरी वळवते का? मान वळवते ती दुधवाल्याच्या म्हशीसारखी."

"मग रोज येता ते?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कोण? तिकीटवाला?"

"आवाजाचा इंजिनिअर आहे. हैसम. या सिनेमाचं काम केलंय."

"बाशमुहंदिस!" त्यांनी बियांची पुडी माझ्यापुढे धरली. इंजिनिअर दिसला की आमच्याकडे सगळे त्याला असंच म्हणतात, पण अम्म बय्यूमींनी ते एखाद्या सरकारी अधिकाऱ्याला अर्ज देताना म्हणावं तसं म्हटलं. "मग तू मला सांग. तो पोरगा सुराच्या नंतर का ओरडतो? मी आधी ओरडलो होतो."

मनात म्हटलं, एक्कावन्नावं घर.

खेळ संपल्यावर ते मला त्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकान म्हणजे दीड माणसाची जागा. ते इस्त्रीवाले होते, तेही पायाच्या इस्त्रीचे. जमिनीवरच्या फळीवर कपडा पसरायचा, लांब दांड्याची जड लोखंडी इस्त्री त्यावर ठेवायची आणि पायानं दाबत ढकलत न्यायची. असे लोक आता शोधावे लागतात. तोंडात पाणी धरून ते असं फवारायचे की धुकं पडल्यासारखं वाटायचं. वर दोरीवर लाकडी हँगरांना सदरे लटकलेले होते आणि एका खुर्चीवर बायकांचा जुना दुपट्टा घडी घालून ठेवलेला होता. त्या खुर्चीवर ते कुणाला बसू देत नव्हते. मी बसायला गेलो तेव्हा म्हणाले, "ती नको, इन्शिराहची आहे." इन्शिराह म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"वाद्यवृंदातल्या चौदा लोकांचे कोट माझ्याकडे यायचे," ते सांगू लागले. "त्या दिवशी व्हायोलिनवाल्या उस्तादांचे राखीव कोट पोचवायला उशीर झाला. गेलो तर मैफल सुरू झालेली. दरवान ओळखीचा. म्हणाला, दाराशी उभा राहा, चकार शब्द काढू नकोस. तीन कोट हँगरांसकट हातावर घेऊन उभा होतो. हानम खाली उतरायला लागल्या आणि मला वाटलं, संपलं. आता मला परत दुकानात जावं लागणार. काय झालं ते मलाच कळलं नाही. हात वर गेला, हँगर एकमेकांवर आपटले, आणि मी ओरडलो."

"हँगर आपटले?"

"लोखंडी आकडे रे त्यांना. किण, किण, किण. दरवानानं तेवढ्यासाठी माझा कान पिरगळला. आरोळीसाठी नाही, हँगरांसाठी!"

ते हसले. मला हसू आलं नाही.

कारण ते तीन आवाज मी ऐकले होते. मूळ टेप माझ्याच टेबलावर आली होती. बाजारातल्या कॅसेटींत ते कधीच नव्हते. नकलेची नक्कल करताना बारीक आवाज मरतात. टेपवर मात्र ते स्वच्छ होते आणि मी माझ्या तक्त्यात लिहिलं होतं: "धातूचा आवाज, तीन वेळा, कारण अज्ञात. काढला." मग आरोळीही काढली, कारण ती आता नटाच्या तोंडी घालायची होती. नटाची आरोळीही आधी मूळ जागीच लावली होती, पण दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, "हैसम, हा लवकर बोलतोय. लोकांना वाटेल आपलीच चूक झाली." मी ती दोन सेकंद पुढे सरकवली. माऊसनं ओढली आणि झालं.

हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा पीत राहिलो.

"कुणाचा विश्वास बसत नाही," ते म्हणाले. "इन्शिराहचाही नव्हता. रेडिओवर लागलं की ती म्हणायची, आला बघा तुमचा आवाज, जा, आधी बादली भरा. तिचं मी मनावर घेतलं नाही. पण मुंतसिरनं एकदा तरी खरं मानावं. मुलगा माझा, कुवेतला असतो. लहानपणी त्यानं शाळेत सांगितलं, माझे बाबा ओरडले होते. वर्गातल्या अजून तिघांच्या बापांनी तेच सांगितलं होतं. मास्तरांनी चौघांना उभं केलं. त्या दिवसापासून घरात हा विषय निघाला की तो उठून जातो. 'माझ्या बापाकडे दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं ही थाप धरून ठेवली', असं त्यानं एकदा त्याच्या बायकोला सांगितलेलं मी ऐकलं."

इस्त्री थांबली होती. खालचा सदरा करपायच्या आत त्यांनी पाय उचलला.

"ईदला त्याला सुट्टी मिळाली नाही, या आठवड्यात येतोय. शुक्रवारी आम्ही सगळे सिनेमाला जाणार. मी त्याला सांगितलं होतं, सिनेमात खरी टेप वापरलीय, पेपरात आलंय, तू नीट ऐक." त्यांनी सदरा उलटवला. "तू परत घालू शकशील का, बाशमुहंदिस? शुक्रवारपर्यंत?"

"सिनेमा आता बदलता येत नाही, अम्म बय्यूमी."

"बरं," ते म्हणाले.

मूळ तुकडा माझ्याकडे होता, स्टुडिओतल्या डिस्कवर. गुरुवारी तो घेऊन दुकानात जाता आलं असतं. गेलो नाही. तो पुसणारा मीच, हे या माणसाला कसं सांगायचं, याचाच विचार करत बसलो आणि गुरुवार गेला.

शुक्रवारी थिएटर भरलं होतं. मुंतसिर बायको आणि दोन मुलांना घेऊन आला होता. माणूस वाईट नव्हता. वडिलांचा हात धरून त्यानं त्यांना पायऱ्या चढवल्या, त्यांच्यासाठी थंड पेय आणलं. पण सिनेमाभर ते दोघं एकमेकांशी चार वाक्यंही बोलले नाहीत. मी दोन रांगा मागे बसून पाहत होतो. वही उघडलीच नाही.

शेवटची मैफल आली. अम्म बय्यूमी उठले. मुंतसिर म्हणाला, "बाबा, स्वच्छतागृह तिकडे आहे." ते दाराकडे गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. पडद्यावर सूर खाली उतरू लागला आणि तो टेकायच्या एक श्वास आधी ते ओरडले, "एवढ्यात नको, हानम!"

आवाज पिकलेला होता, मध्येच फाटला. पण जागा अचूक होती, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. त्या थिएटरात हे कळणारा मी एकटा होतो.

"श्श!"

"बसा हो हाजी!"

"आजोबा, लवकर ओरडलात!" मागून एक पोरगा म्हणाला. "सूर तर टेकू द्या! गाणं ऐकायची पण रीत असते!"

सगळे हसले. तेवढ्यात पडद्यावरचा प्रियकर योग्य जागी ओरडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मुंतसिरनं वडिलांची बाही हळूच खाली ओढली. "बसा बाबा. लोक बघतायत." मोठ्या नातवानं मोबाईल वर धरला होता. ते बसले. उरलेला सिनेमा त्यांनी पडद्याकडे पाहून काढला की गुडघ्यांकडे, अंधारात दिसलं नाही.

मुंतसिर शनिवारी कुवेतला परत गेला. रविवारी सकाळी मी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन दुकानात गेलो आणि आधी सगळं सांगितलं. तक्ता, धातूचा आवाज, पुढे सरकवलेले दोन सेकंद. ते इस्त्री करत ऐकत होते. सदरा पुरा झाला, घडी झाली.

"म्हणजे तू पुसलंस."

"हो."

"हँगरपण?"

"हँगर आधी."

त्यांनी हात पुसले आणि हेडफोन स्वतःच कानावर चढवले, उलटे. मी सरळ केले. तुकडा एकोणतीस सेकंदांचा होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. आधी काही हललं नाही. मग उजवा खांदा जरा वर गेला. संपल्यावर ते मोठ्यानं बोलले, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं.

"केवढा कोवळा आवाज रे! हा तर पोरगा आहे!"

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी इन्शिराहच्या खुर्चीकडे बोट केलं, जणू तिथे कुणाला सांगायचं होतं, आणि बोट तसंच राहिलं.

तुकडा मुंतसिरला पाठवू या, असं मीच सुचवलं. त्यांनी फोन माझ्या हाती दिला. मी खाली सगळं लिहिलं. मूळ टेप, वर्ष, तीन हँगर, त्याखाली माझं नाव आणि हुद्दा. इंजिनिअरचा पुरावा कसा असतो तसा. मग आम्ही वाट पाहत बसलो. एक गिऱ्हाईक येऊन विजार टाकून गेलं. त्यांनी ती हातात घेतली नाही, नुसता कोपरा दाखवला.

वीस मिनिटांनी मुंतसिरचा निरोप आला, त्याच्याच आवाजात. अम्म बय्यूमींनी तो मोठ्या आवाजात लावायला सांगितलं.

"बाबा, भारीच! त्या इंजिनिअरसाहेबांना माझ्याकडून शाबासकी द्या. हल्ली मशीन काय वाटेल ते बनवतं. हँगरसुद्धा घातलेत, वा! पोरांना ऐकवलं, खूप हसली. गोळ्या वेळेवर घ्या हं."

मी काहीतरी बोलू लागलो, की मी त्याला फोन करतो, स्टुडिओचं पत्र आणतो, टेपची पेटी दाखवतो. त्यांनी हात हलवला. राग नव्हता त्यात. कोपऱ्यातली विजार उचलून त्यांनी फळीवर पसरली, पुन्हा उचलली, बाजूला ठेवली.

"प्रेमानंच बोलला," ते म्हणाले. "गोळ्यांची आठवण ठेवतो."

"हो."

"परत लाव. त्याचं नको. ते लाव. आणि हे कानातलं काढ, दुकानात वाजू दे."

लॅपटॉपचे स्पीकर ते काय! तरी लावलं. अम्म बय्यूमी उभे राहिले. दोरीवरून तीन सदरे हँगरांसकट उतरवले आणि डाव्या हातावर घेतले. दाराच्या चौकटीला टेकले. बाहेर रस्त्यावर गॅसच्या टाक्यांवाला पाना आपटत चालला होता. हानमचा सूर उतरू लागला, खाली, आणखी खाली.

मला वाटलं ते ओरडणार. ते ओरडले नाहीत. उजवा हात फक्त वर गेला, सदरे हलले, आणि टेपमधल्या हँगरांबरोबर दुकानातले हँगर वाजले. मग तो पोरगा ओरडला, आणि हानम हसल्या.