डिकीतला सबवूफर

बाबांनी गाडीत सबवूफर बसवायचं ठरवलंय असं सांगितलं तेव्हा आई लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळत होती. तिने झारा तसाच हवेत धरला आणि वळून पाहिलं. सबवूफर म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. दुर्गापूजेच्या विसर्जनाला टेम्पोवर काळे खोके रचलेले असतात, ते जवळून गेले की आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचा थरथरतात. त्या खोक्यातला मोठा स्पीकर गाण्याचा फक्त खालचा, घुमणारा भाग वाजवतो.

"अहो, साठीला टेकलात," आई म्हणाली. "आता काय टेम्पोपुढे नाचायचंय?"

बाबा तिच्या तोंडाकडे बघून हसले. "नाचणार नाही. बसून ऐकणार."

मला हे फारच विचित्र वाटलं. आमच्या घरात मोठा आवाज असा नाहीच. बाबा कधी ओरडत नाहीत. टीव्हीवर काहीही चालू असलं तरी खाली अक्षरं हवीत, एवढाच त्यांचा हट्ट. मी तर बोलतच कमी. शाळा इंग्रजी, रस्त्यावर बांगला, घरात मराठी, आणि तिन्ही भाषांत समोरचा मला "काय?" असं विचारतो, इतकी मी हळू बोलते. बाबा कधी विचारत नाहीत. "हं" म्हणतात. लहानपणापासून मला वाटत आलंय की या घरात मला न खोदता समजून घेणारं एकच माणूस आहे.

आजोबा नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. बाबा इथेच जन्मले. हावड्याला पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे ते तीसेक वर्षं इंजिनिअर आहेत. एकदा शाळेत असताना मी तिथे गेले होते. प्रेस खाली आला की पायाखालची जमीन उडायची, आणि बाबा त्याच्या शेजारी उभे राहून खुणांनी बोलत होते.

आमच्या घरची एक पद्धत आहे. महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर ते गाडीत बोलायचं. डमडमचा आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, भिंती पातळ, त्यात जेवताना वाईट बातमी काढायची नाही हा आजोबांचा नियम. म्हणून "गाडीत बोलू" असं कोणी म्हटलं की काहीतरी गंभीर आहे हे कळतं. आजोबांच्या आजाराचं नाव मी गाडीत ऐकलं. सीए फायनलला पहिल्यांदा नापास झाले तेही मी गाडीतच सांगितलं. एक बरं असतं, कोणाला कोणाकडे बघावं लागत नाही. दोघंही समोरच्या बसच्या मागच्या बाजूकडे बघत बोलतात.

फेब्रुवारीत असंच एका सकाळी, मेट्रो स्टेशनच्या वाटेवर, मी समोर बघत म्हटलं होतं, "बाबा, मी आता फायनलला बसणार नाही. मला मुलांच्या पुस्तकांच्या एका ऑफिसात नोकरी मिळालीय. आईला इतक्यात नको सांगायला."

ते वाक्य मी आठवडाभर पाठ केलं होतं.

बाबांनी एका रिक्षाला वाट दिली आणि म्हणाले, "हं. बरं."

मी स्टेशनशी उतरले तेव्हा ते रोजच्यासारखं म्हणाले, "नीट कर."

मेट्रोत मी खिडकीकडे तोंड करून रडले. सुटल्यासारखं झालं होतं. तिसऱ्यांदा परीक्षेचा फॉर्म मी भरला नाही. आई समजत होती मी क्लासला जाते. मी जात होते ऑफिसात, ससे आणि हत्ती यांच्या गोष्टींतले स्वल्पविराम तपासायला. चार महिने रोज सकाळी बाबा मला सोडत आणि "नीट कर" म्हणत, आणि मला वाटे, जगात इतक्या कमी शब्दांत इतका पाठिंबा कोणी कोणाला दिला नसेल.

त्यामुळे त्यांनी सबवूफरच्या कामात माझी मदत मागितली तेव्हा मी जीव लावून केलं. मी फोनवर रात्रंदिवस वाचत बसले. बाबांना सगळं कागदावर लिहून हवं होतं. "तोंडी नको, लिहून दे," हे त्यांचं नेहमीचंच. मी लिहून दिलं: खोक्यावर छापलेला मोठा आकडा बघायचा नाही, स्पीकर सतत किती वॉट झेलतो तो बघायचा, आणि ॲम्प्लिफायरही साधारण तेवढेच वॉट सतत देणारा घ्यायचा. ओहमचा आकडा दोघांचा जुळायला हवा. दुबळा ॲम्प्लिफायर घेऊन तो ताणला तर आवाज फाटतो आणि स्पीकरही जळू शकतो. बाबांनी कागद वाचला आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने माझी चूक सुधारली. मग आम्ही टेप घेऊन डिकी मोजली. मी रुंदी धरली, त्यांनी खोली. दहा इंची स्पीकरला बंद खोक्यात पाऊण घनफूट हवा पुरेल, असं दोघांचंही उत्तर आलं. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. ती दुपार अजून आठवते.

पुढच्या रविवारी आम्ही बेहालाला गेलो. मेट्रोच्या खांबांमागे एका गल्लीत गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या एका मिस्त्रींचं वर्कशॉप आहे, म्हणजे पत्र्याखाली एक गाडी मावेल एवढी जागा आणि सगळीकडे लाकडाचा भुसा. मिस्त्री पन्नाशीचे, कानाच्या मागे पेन्सिल. बाबा त्यांच्याशी बांगलात बोलायला लागले आणि मी नेहमीप्रमाणे मागे उभी राहिले. बाबांनी भिंतीवरच्या पंधराशे वॉटच्या ॲम्प्लिफायरकडे मुद्दाम बोट दाखवलं.

"दादा, तो आकडा छापण्यापुरता," मिस्त्री म्हणाले. "खरा असता तर गाडी राहू दे, आमची गल्ली हलली असती."

बाबा हसले आणि त्यांनी माझा कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि तीनशे वॉटचा, चार ओहमला चालणारा साधा ॲम्प्लिफायर काढून ठेवला. तो प्रश्न मिटला.

राहिला खोका. त्यांच्याकडे दाखवायला दोन तयार होते, दोन्हींत एकसारखा स्पीकर. एक चहूबाजूंनी हवाबंद. दुसऱ्याला बाजूला नळीसारखं भोक, त्यातून आतली हवाही वाजते, म्हणून तो जास्त दणकतो. ऐकून ठरवा, असं मिस्त्री म्हणाले. आमच्या गाडीच्या दारांतले जुने स्पीकर फाटले होते म्हणून त्यांनी ते आधीच काढून ठेवले होते, तारा लोंबत होत्या. ते डॅशबोर्डखाली डोकं घालून तारा जोडत होते आणि तिथूनच बांगलात सांगत होते की दारांचं नंतर बसवू, आत्ता वाजेल तो फक्त डिकीतला दणका, गाणं शोधू नका.

बाबा मागच्या सीटवर बसले होते. मी दाराशी उभी होते. बाबांनी पेन ड्राइव्हवरचं आजीच्या कॅसेटमधून उतरवलेलं एक भावगीत लावायला सांगितलं. बाईंचा आवाज, पेटी आणि तबला. माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरात वाजत आलेलं.

आधी भोकवाला खोका. गाणं नव्हतंच. बाईंचा आवाज नाही, पेटी नाही, शब्द नाहीत. नुसते डग्ग्याचे ठोके, तेही एकमेकांत मिसळलेले, जणू कोणी शेजारच्या घरात गादी झटकतंय. बाबांनी मान हलवली. नको.

मग मिस्त्रींनी बंद खोका जोडला. ठोके सुटे झाले. एक, आणि मग दुसरा. बाबांनी तळहात सीटवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. ते मान डोलवायला लागले. समेवर बरोबर आले. मग डोळे न उघडता मला मराठीत म्हणाले,

"ऐक. बाईंचा आवाज कसा स्वच्छ लागलाय. शब्द न् शब्द कळतोय."

मला आधी वाटलं ते थट्टा करतायत. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नाही, पण बाबांच्या चेहऱ्यावरचं त्यांना दिसत होतं. ते डॅशबोर्डखालून बाहेर आले, डिकीपाशी गेले आणि बाबांच्या पाठीमागून बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाले, "दादा, चहा?"

बाबांची मान समेची वाट बघत होती.

"दादा, चहा घेणार?"

काही नाही. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून स्वतःच्या कानाला बोट लावलं.

"कधीपासून, मा?" इथले वयस्कर लोक मुलींना म्हणतात तसं त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मला खरंच माहीत नव्हतं. मी त्या भुशात उभी राहून एकेक जुळवत होते. टीव्हीखालची अक्षरं, लिहून दे, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहणं. घरात ते चेहरे वाचत होते. चेहरा फक्त एकाच ठिकाणी दिसत नाही, गाडीत, शेजारी बसून दोघं समोर बघत असताना. आमची सगळी महत्त्वाची बोलणी जिथे व्हायची तिथे.

फेब्रुवारीतलं ते वाक्य मला शब्दशः आठवलं, आणि "हं, बरं"सुद्धा.

बंद खोकाच बरा, असं मिस्त्री म्हणाले, आणि तो सीटच्या पाठीला अगदी चिकटवून कसतो, म्हणजे दादांना पाठीतून मिळेल, असं मला हळूच सांगितलं. दोन तास ते काम करत होते. दारांचे नवे स्पीकर लागले, बाईंचा आवाज आला, पेटी आली. बाबांच्या चेहऱ्यावर त्याने काही फरक पडला नाही. मी बाकावर बसून त्यांच्याकडे एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होते. त्या माणसाला मी चार महिने माझा साथीदार समजत होते. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो रोज सकाळी मुलीला परीक्षेच्या क्लासला सोडत होता.

परतताना मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. गाणं बंद होतं. काचा वर होत्या. अजून एक वेडी आशा होती, म्हणून मी समोर बघत माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मी परीक्षेचा फॉर्मच भरलेला नाही."

बाबांनी गिअर बदलला. "हं," ते म्हणाले. "बरं."

तोच स्वर. अगदी तोच.

मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि बाजूला थांबवायची खूण केली. ते घाबरले, मला बरं वाटत नाहीये असं समजून त्यांनी एका बंद दुकानापुढे गाडी घेतली. मी पट्टा काढला आणि पूर्ण वळून त्यांच्या तोंडासमोर तोंड आणलं. बाबांनी हवेसाठी काच खाली केली, आणि फूटपाथवरचा ऊसवाला बघायला लागला. या शहरात त्याला मराठी कळणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

"मी परीक्षा सोडली, बाबा. फेब्रुवारीतच. मी नोकरी करते. तुम्हाला सांगितलं होतं, याच गाडीत. तुम्ही बरं म्हणालात."

त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. रागाची मला तयारी होती. ते रागावले नाहीत. ते ओशाळले. ते मी कधी पाहिलं नव्हतं.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तू गाडीत काहीतरी किरकोळ बोलतेस. अभ्यासाचं वगैरे. तू हळू बोलतेस, मग परत परत काय विचारायचं. तुला आवडत नाही कोणी 'काय' म्हटलेलं."

मला वाईट वाटू नये म्हणून ते गप्प राहिले होते, आणि मी त्यालाच समजून घेणं म्हणत आले होते.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं. त्यांनी ओठ वाचले आणि चार बोटं दाखवली, मग जरा विचार करून पाचवंही.

"कारखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं. कानाला मशीन लावायला हवं म्हणाला." ते स्टिअरिंगवरची शिवण नखाने दाबत राहिले. "आजीची गाणी ऐकू येईनाशी झाली होती. हे बसवलं की निदान ठोका लागेल, बाकीचं मला पाठ आहे."

नोकरी कसली, असं त्यांनी मग विचारलं. मी सांगितलं. त्यांना "ससे" कळलं नाही. मी परत सांगितलं. तरीही नाही. शेवटी मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन कान केले, आणि ऊसवाला मोठ्याने हसला. बाबा हसले नाहीत. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तीन वर्षांचा अभ्यास, त्यांनी नातेवाइकांना सांगितलेलं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होतं, आणि आता मला नजर वळवता येत नव्हती, कारण मी वळवली असती तर बोलणंच थांबलं असतं.

"आईला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"दोन्हींबद्दल."

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी किल्ली फिरवली. गाणं आपोआप सुरू झालं, पहिला ठोका माझ्या पाठीत बसला आणि मी दचकले. त्यांनी हात पुढे करून ते बंद केलं.

"मग आज सांगू," ते म्हणाले. "गाडीत नाही. घरी, जेवताना."