बदामाखालचं पाणी

परबकाका गेल्याचं मला पुष्पानं सांगितलं. पुष्पा तांडेल आमच्या तळमजल्यावर राहते आणि उजाडताच मासळीची पाटी घेऊन बाजारात निघते. त्यामुळे त्या दिवशी सकाळी आठ वाजता ती माझ्या दारात रिकाम्या हातांनी उभी दिसली, तेव्हाच काहीतरी विपरीत घडल्याचं कळलं. "काका गेला गो... झोपेतच," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्याशी खाली बसली. चहासाठी मी नळ सोडला. पातेलं भरेपर्यंत दोघी नुसत्या पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. आज तीन आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर आधी तो आवाजच आठवतो.

परबकाका मूळचे मालवणकडचे. त्यांनी सगळी नोकरी पालिकेच्या पाणी खात्यात काढली, आणि काम होतं जमिनीखालची गळती कानानं शोधायचं. छातीपर्यंत येणारी एक लोखंडी कांब, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. कांब जमिनीवर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि ऐकायचं. निवृत्त झाल्यावर ते मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बदामाखालच्या बाकावर दुपारभर बसलेले असत. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, सुट्टीच्या दिवसांत लवकर घरी यायची. घरात शिरण्याआधी त्या बाकावर टेकायची सवय कधी लागली ते कळलंच नाही. ते चपलेच्या टोकानं मातीत रेघा ओढून दाखवायचे... इथून पाइप वळतो, इथे जुनी लाइन नवीला मिळते. आपण चालतो त्या रस्त्याखाली पाण्याचा एक रस्ता आहे, म्हणायचे, आणि तो आपल्या रस्त्याच्या आधीचा आहे. डोंगरापलीकडच्या तलावातून निघालेलं पाणी अंधारात चालत चालत मुलुंडला येतं, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला पायाखालची जमीन पातळ झाल्यासारखी वाटे. बदामाची लाल पानं एकेक करून आमच्यामध्ये पडत असत.

सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं ते केवळ मला शुद्ध मराठीत नोटिसा लिहिता येतात म्हणून. काका फळ्यापुढे उभे राहून माझी नोटीस सावकाश वाचत आणि म्हणत, "नोटिशीत पाणी बरा वाहता गो बाय. नळाक कधी येतला?"

एका उन्हाळ्यात ते खरोखरच येईनासं झालं. आमच्याकडे तळमजल्याला पालिकेचं पाणी थेट येतं, वरच्यांना टाकीतून. टाकी भरेना, तिसरा मजला कोरडा पडला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या चेअरमन दळवींनी ठरवून टाकलं की पुष्पानं लाइनला चोरून मोटर लावली आहे. तिच्या घरात जाऊन पाहिलं, मोटर सापडली नाही. तेव्हा म्हणाले, लपवली असेल. जिन्यात सगळ्यांदेखत ते तिला म्हणाले, मासे धुवायला हिला अख्खा तलाव लागतो. पुष्पा गप्प बसणारी नव्हे. मासे दर्यातनं धुवूनच येतात साहेब, ती म्हणाली, तुमची गाडी रोज पाइप लावून कोण धुतो ते बघा. जिन्यात हशा पिकला, पण त्यानं दळवी आणखीच चिडले. पुष्पाचा नळ तोडायचा ठराव पुढच्या सभेत यायचा होता, आणि त्याची नोटीस माझ्याच अक्षरात फळ्यावर लागली होती. ती लावल्यापासून मला तिच्या दारावरून जाववेना.

म्हणून मीच काकांना गळ घातली, एकदा ऐकून सांगा. सभेच्या आदल्या दिवशी चारच्या सुमाराला, पालिकेचं पाणी सुटल्यावर, त्यांनी कपाटामागून कांब काढली. फाटकापासून टाकीपर्यंत आम्ही पावलापावलानं गेलो. ते डोळे मिटून उभे राहत, कान वाटीला... आणि पुढे सरकत. बदामाजवळ खूप वेळ थांबले. मग कांब माझ्या हातात देऊन अगदी हळू म्हणाले, "तू आयक. माका आता आयकाक येणा नाय."

मला आधी समजलंच नाही. किती दिवसांपासून, मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि मग मला समजलं, ते शब्द ओठांवरूनच ओळखत होते.

कान लावला. सुरुवातीला माझंच रक्त ऐकू आलं. मग लांबवर, एकसुरी, वाहतं पाणी. आणि त्याच्या आड दुसरंच काहीतरी... कुणीतरी गरम दुधाच्या कपावर फुंकर घालत असावं तसं, थांबून थांबून. खात्री नव्हती. तसं मी सांगितलं, उभी होते ती पायाखालची जागा बोटानं दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि कांब घेऊन घरी गेले.

सभेत दळवींनी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः ऐकलंत ना?"

मी इतिवृत्त लिहीत होते. माझं पेन थांबलं.

"ऐकलंय," काका म्हणाले. "बदामाच्या मुळाशी फुटलाय. खणा. नाय सापडला तर तिचा नळ तोडा."

माझ्या कच्च्या कानावर त्यांनी आपला शब्द लावला, आणि शब्दाबरोबर पुष्पाचं पाणी. 'श्री. परब यांनी गळती स्वतः ऐकल्याचे सभेस सांगितले,' असं मी लिहिलं. वही अजून कार्यालयात आहे. ते वाक्य खरं असलं तरी गोष्ट खोटी आहे, आणि ती माझ्या हातची म्हणून इथे दुरुस्त करते आहे.

रविवारी खणायला माणसं आली. गुडघाभर खड्डा झाला, माती कोरडीच. दळवी कमरेवर हात ठेवून उभे. पुष्पा आपल्या दारात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, जवळ आले आणि पुटपुटले, "कांब तिरकी धरलेलंस काय गो?" मला आठवलं, झाडाचं मूळ आडवं येत होतं म्हणून मी कांब तिरकी करून टेकवली होती आणि जागा मात्र पायाखालची दाखवली होती. मी हातानं भिंतीची दिशा सांगितली. "वायच पुढे," काका खणणाऱ्यांना म्हणाले. चार घाव पडले असतील नसतील, माती काळी झाली, मग चिकट, आणि मग मुळांनी विळखा घातलेल्या पाइपमधून पाणी उसळून वर आलं. पुष्पा आत निघून गेली. दळवींनी कमरेवरचे हात खाली घेतले.

सगळे पांगल्यावर काका बाकावर बसले. त्यांनी विचारलं, "आवाज कसो होतो?" मी समोर बसून सावकाश सांगितलं, गरम दुधावर फुंकर घालावी तसा. त्यांनी डोळे मिटले. "बरोबर," म्हणाले, "तसोच."

त्यानंतर कित्येक दुपारी मी कान लावायची आणि त्यांना सांगायची... आज पाणी घाईत आहे, आज वाळू ओढत आल्यासारखं, आज नुसतं श्वास घेतंय. ते ऐकत. म्हणजे, बघत.

शोकसभेत सगळे त्यांच्या कानाविषयी बोलले, शेवटपर्यंत कसा तल्लख होता ते. मी बोलले नाही. बाहेर आल्यावर पुष्पाला मात्र सांगून टाकलं. त्या दिवशी काकांनी नाही, मी ऐकलं होतं. ती आपल्या दारात पाटी पुसत होती. पुसायचं न थांबवता म्हणाली, "म्हायती होतं गो. मागून हाक मारली तर वळायचा नाय तो. सगळ्या बिल्डिंगला म्हायती होतं."

"मग त्यांच्या सांगण्यावरून खणलं कशाला?"

"तो बोलला ना," पुष्पा म्हणाली. "मग?"

काल संध्याकाळी मी बाकावर बसले होते, फाटकाकडे पाठ करून. मागून दळवींच्या चपला वाजल्या. त्यांनी हाक मारली नाही. बाकावर काका असत तेव्हा येत तसे वळसा घालून ते अगदी समोर आले, थोडे वाकले, आणि माझ्या तोंडाकडे बघत एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मॅडम... उद्या... पाणी... किती वाजता?"

मग ओशाळून ते सरळ उभे राहिले. मीही तितक्याच सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं, चार वाजता.