वरंधा घाटातले शेवटचे पाच किलोमीटर

मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना वर्गात उभं करून "पुरावा काय?" विचारणारा माणूस आहे मी. अजूनही तसाच आहे, म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय. पण वर्ष होत आलं, डोक्यातून जात नाही... लिहूनच टाकतो.

मागच्या ऑक्टोबरात मी आणि श्रीनिवास सायकलवर महाडपर्यंत गेलो होतो. श्रीनिवासचे भवानी पेठेत टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. आमच्या सायकल ग्रुपमधला सगळ्यात दणकट गडी. मला 'मास्तर' म्हणतो आणि अरे-तुरेही करतो. जाताना मोहोळ, अकलूज, फलटण, भोर असे मजेत गेलो. परत येताना महाडकडून वरंधा घाट चढायचा होता. खालच्या गावात लोक म्हणाले, दरड आलीय, गाड्या बंद आहेत, माघारी फिरा. आम्ही कसले ऐकतोय! सायकली खांद्यावर घेतल्या आणि दगडांवरून पार झालो. तिथंच माती खाल्ली.

दरडीच्या पुढं तासाभरानं श्रीनिवास रस्त्याकडेला बसला तो बसलाच. भर बाराचं ऊन. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम मात्र बंद.

"मास्तर... पाय चालंनात बे."

त्याची जीभ अडखळत होती. उन्हाचा झटका, दुसरं काय! मी त्याला झाडाखाली आडवं केलं, होतं नव्हतं ते पाणी अंगावर ओतलं. मोबाईलला रेंज नाही. दरडीमुळं खालून गाडी येणं शक्य नाही. वर घाटमाथ्यावर टपऱ्या आहेत, तिथं जीप मिळाली तर मिळाली — पण ते पाच किलोमीटर, बहुतेक सगळा चढ. अशा माणसाला एकट्याला टाकून जायचं म्हणजे... माझा पाय निघेना.

"तू हो पुढं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मी हाय की हितंच. कुटं जातोय?"

निघालो. पण माझ्यातही काय उरलं होतं? चार दिवसांचा शीण मांड्यांत साचलेला. किलोमीटरभरातच उतरलो आणि सायकल ढकलत, खरं सांगतो, रडत चालायला लागलो. तो मरणार आणि मी चालतोय! पुन्हा सायकलवर बसलो, चार पायडल मारले... आणि पाठीवर हात पडला.

आमच्या ग्रुपची एक पद्धत आहे. चढावर कुणी थकला की मागून दुसरा पाठीला हात लावून रेटतो. ज्याला रेटतात त्यानं मागं बघायचं नाही, तोल जातो. जमतंय असं वाटलं की "बास" म्हणायचं, तोवर मागचा हात काढत नाही. हे काम नेहमी श्रीनिवासचं. खांद्याच्या हाडाखाली, उजवीकडं, रुंद पंजा. हा हात तोच होता.

मला वाटलं, बरा झाला आणि आला मागून. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! विचारलंही नाही काही, बोलायचं त्राणच नव्हतं. मागं धाप ऐकू येत होती, माझ्यापेक्षा जोरात. सायकल सरसर चढत होती. टपऱ्या दिसल्यावर मी "बास" म्हणालो. हात सुटला. मी वळलो.

रस्ता रिकामा!

भजी तळणाऱ्या मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घाट चढून आलात का जीपमधून उतरलात? घाम पण नाही अंगाला." त्यांच्याच मुलाची जीप घेऊन खाली धावलो. श्रीनिवास त्याच झाडाखाली, बेशुद्ध, पण आत्ताच धावून आल्यासारखा धापा टाकत होता.

वाचला तो. पण हृदयाला मार बसला, सायकल कायमची सुटली. महिन्याभरानं सहज म्हणून मी दोघांच्या त्या दिवशीच्या हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदी काढल्या. माझ्या छातीच्या पट्ट्यावर त्या चढावर ठोके जेमतेम नव्वद — म्हणजे खुर्चीत बसल्यासारखे. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात तेवढाच वेळ पावणेदोनशेच्या घरात. उन्हाच्या झटक्यात ठोके वाढतातच, मान्य. माझा पट्टा घसरला असेल, तेही मान्य. पण ज्या मिनिटाला मी टपऱ्यांपाशी पोचलो, त्याच मिनिटाला त्याचे ठोके धाडकन खाली आलेत. का, ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही.

श्रीनिवास भेटेल त्याला सांगतो, "मास्तर होता म्हणून जगलो." मी चहा पीत बसतो.

कारण शेवटचा दीड किलोमीटर जवळपास सपाट होता. मला सहज जमलं असतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मागची धाप वाढलेली ऐकू येत होती. पण मी लई दमलो होतो हो... बरं वाटत होतं, म्हणून "बास" म्हणालो नाही.