बसने आलेलं रक्त

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर रोज अकराचा चहा घेतो त्या सहकाऱ्यांनाही नाही. एकदा तिलवाऱ्याच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेऊन एका जुन्या मित्राला सांगायला तोंड उघडलं होतं — आणि मग यंदा नर्मदेला पाणी किती आहे, यावर बोलत बसलो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते तसं नाही, हे लिहायला बसल्यावर कळतंय.

आधी मी काय करतो ते सांगतो. माझा विषय मेटाबोलॉमिक्स. नाव भारदस्त आहे. रक्ताच्या थेंबात साखर असते, आम्लं असतात, आणखी शेकडो बारीकसारीक पदार्थ असतात. ते सगळे एकदम मशीनवर मोजायचे आणि आजारी माणसाच्या रक्तात निरोग्यापेक्षा वेगळं काय दिसतं ते शोधायचं, एवढंच काम. माझे वडील इथल्या, जबलपूरच्या फॅक्टरीत होते. शेजाऱ्यांना ते सांगायचे, ‘मुलगा रक्त तपासतो.’ त्यामुळे गढा भागातल्या आमच्या गल्लीतले लोक अनेक वर्षं मला आपापल्या शुगरचे रिपोर्ट आणून दाखवत होते. मीही मान डोलावून पाहत असे.

आमच्या धंद्यात माणसाची किंमत एका पानावर मांडलेली असते. इंटरनेटवर ते पान कुणालाही उघडता येतं. तुमचे पेपर, म्हणजे छापलेले शोधनिबंध, किती, कोणत्या देशातल्या कुणाबरोबर लिहिलेले, आणि प्रत्येक पेपरचा उल्लेख पुढे किती जणांनी आपल्या लेखनात केला. माझं पान चांगलं आहे — खरं सांगायचं तर या शहराच्या मानाने फारच चांगलं. पण नीट पाहिलंत तर ते एकाच पेपरवर उभं आहे. बाकीच्या सगळ्या पेपरांचे उल्लेख एकत्र केले तरी त्या एकाच्या निम्मे भरत नाहीत. माझं प्रमोशन, परदेशातली सहकार्यं, विभागप्रमुखाची खोली, सगळं त्याच्यातून आलं. तो पेपर चुकीचा आहे.

चुकीचा असणं हा गुन्हा नव्हे. शास्त्रात माणसं चुकतात, आणि मीही आधी नुसता चुकलोच होतो. मग काय झालं?

आम्ही मूत्रपिंडाच्या आजाराची खूण शोधत होतो. आजार वाढायच्या आधीच रक्तात दिसेल अशी काहीतरी खूण. आजारी माणसं सिहोऱ्याच्या बाजूच्या खेड्यांतली होती. तिथे शिबिर लावायचं, रक्त घ्यायचं, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि बसने जबलपूरला आणायच्या. तुलनेसाठी निरोगी माणसं मात्र आमच्या इमारतीतलीच — कारकून, शिक्षक, विद्यार्थी. त्यांचं रक्त खालच्या खोलीत घ्यायचं आणि लगेच वरच्या प्रयोगशाळेत न्यायचं.

आता रक्ताचा एक नियम आहे. ते नळीत काढलं तरी मरत नाही. त्यातल्या पेशी साखर खात राहतात, नको ते बाहेर टाकत राहतात. म्हणून अर्ध्या तासाच्या आत नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालून पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. सिहोऱ्याला आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. बस वाटेत दहा ठिकाणी थांबायची. दोन-अडीच तास सहज जायचे. आजारी रक्त बसने आलं आणि निरोगी रक्त जिना चढून आलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं ना? आलं होतं, ओझरतं. बर्फ आहे, चालेल, असं मी स्वतःला म्हणालो.

तीन पदार्थ सापडले. आजाऱ्यांमध्ये वाढलेले, निरोग्यांमध्ये नाहीत, आणि फरक इतका स्वच्छ की मशीनवरचा आलेख पाहून मला हसू फुटलं होतं. पेपर छापायच्या आधी परीक्षकाने एक साधा प्रश्न विचारला : सगळे नमुने किती वेळात फिरवले? मी लिहिलं, सगळे अर्ध्या तासात. हे पहिलं खोटं. एका ओळीचं. लिहायला मिनिटही लागलं नाही.

सिहोऱ्याची शिबिरं वैशाली सांभाळायची. ती माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वडील रेल्वेत, घर तिथलंच, सिहोऱ्याचं. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, इकडच्या मराठी घरांत असतं तसंच. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसने यायची ती हीच. पेपरवर तिचं नाव चौथं होतं. पेपर निघाल्यावर काही महिन्यांनी ती हातात एक कागद घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, ‘सर, एक दाखवू का? रागावू नका.’

तिने स्वतःचं रक्त काढलं होतं. दोन नळ्या. एक ताबडतोब वर नेऊन फिरवली. दुसरी बर्फाच्या डब्यात ठेवून ती बसने सिहोऱ्याच्या वाटेवरच्या पनागरला गेली, स्टँडवर थांबली, परतीची बस धरून आली आणि मग फिरवली. दोन्ही मशीनवर लावल्या. जिन्याने वर गेलेली वैशाली ठणठणीत होती. पनागरला जाऊन आलेली वैशाली आजारी होती. तेच तीन पदार्थ, तेवढेच वाढलेले. असं तिने एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी केलं होतं.

‘काहून केलंस हे?’ मी विचारलं.

‘मला खटकून राहिलं होतं, सर. आपण आजार नाही मोजला. आपण बस मोजून राहिलो.’

ती हे अगदी हळू बोलली. मला तिच्या आवाजात थोडा आनंदही ऐकू आला — विजयाचा नव्हे, उत्तर सापडल्याचा. तो आनंद मला ओळखता आला, कारण कधीकाळी तो मलाही व्हायचा. आणि मला तिचा राग आला. भीतीही वाटली, पण आधी आला तो राग.

‘ठेवून जा, पाहतो,’ म्हणालो. कागद ड्रॉवरमध्ये टाकला. महिन्याभराने तिने विचारलं तेव्हा वेळ झाला नाही म्हणालो. नंतर पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, ‘तुला पीएचडी संपवायची आहे ना? मग आधी ती बघ.’ गाईडच्या तोंडी या वाक्याचा अर्थ काय होतो, हे आमच्याकडच्या कुठल्याही विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. तिचा प्रबंध दुसऱ्या विषयावर झाला, त्यावर मी सहीही केली. त्यातून निघण्यासारखे दोन पेपर तिने लिहून माझ्या टेबलावर ठेवले होते. मी ते वाचले नाहीत. नाकारले असते तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून नुसते पडू दिले. ती गेली. नर्सिंगच्या मुलींना केमिस्ट्री शिकवायला लागली, असं कुणाकडून तरी कळलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भित्रा माणूस आहे. असले भित्रे पुष्कळ असतात. पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, आणि तिथे यायचं मी टाळतोय हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

एका परदेशी प्रयोगशाळेने आमची खूण आपल्या रुग्णांवर तपासून पाहिली. काहीच दिसलं नाही. त्यांचं पत्र फार सौम्य होतं — नमुने गोळा करण्याच्या वेळा कळवाल का? शिबिराचं रजिस्टर माझ्या कपाटात होतं. त्यात प्रत्येक नळीची रक्त घेतल्याची वेळ आणि फिरवल्याची वेळ वैशालीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. ते रजिस्टर जसंच्या तसं पाठवायला हवं होतं. ड्रॉवरमधला कागदही पाठवायला हवा होता. पेपर मागे घ्यावा लागला असता, थोडी नाचक्की झाली असती, आणि दोन वर्षांत लोक विसरले असते.

मी कागद पाठवला नाही. पण त्यात जे होतं ते वापरलं. मी लिहिलं, चौकशीअंती असं आढळलं की सिहोऱ्याच्या काही नमुन्यांची वाहतूक सूचनांप्रमाणे झाली नव्हती. ती जबाबदारी चौथ्या लेखिकेची होती. तेवढे नमुने वगळूनही निष्कर्ष कायम राहतो. कायम राहतो हे दाखवायला कुठले नमुने ठेवायचे आणि कुठले वगळायचे, ते मीच ठरवलं. नियतकालिकाने तशी दुरुस्ती छापली. छोटीशी, आठ-दहा ओळींची, आणि तिच्यात वैशालीचं नाव पूर्ण लिहिलेलं.

अशा दुरुस्तीला सगळ्या लेखकांची संमती लागते. तिची संमती मी तिच्या विद्यार्थी असतानाच्या ईमेलवर मागितली. ते खातं बंद झालेलं होतं, मला ठाऊक होतं. उत्तर आलं नाही. हरकत नोंदवलेली नाही, असं मी कळवलं. तिचा फोन नंबर माझ्याजवळ होता. आजही आहे.

त्या परदेशी मंडळींनी माझ्या मोकळेपणाचं कौतुक केलं. पुढे आमचे एकत्र चार पेपर झाले.

यानंतर काही वर्षांनी शहरातल्या एका कॉलेजात निवड समितीवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून मी गेलो होतो. उमेदवारांची यादी आदल्या दिवशी आली होती, त्यात तिचं नाव होतं. माझी जुनी विद्यार्थिनी आहे, मी बसत नाही, असं कळवता आलं असतं. नाही कळवलं. मी नसलो आणि ती बोलली तर? हाच विचार डोक्यात होता. दुसरा कुठलाच नव्हता.

ती आत आली. साधी कॉटनची साडी, हातात फाइल. मला नमस्कार केला — ‘नमस्ते सर.’ तिने उत्तरं चांगली दिली. शिकवण्याबद्दल तर इतकी चांगली दिली की समितीतल्या बाई लिहायचं थांबवून ऐकत होत्या. मग शेजारच्या सदस्याने लॅपटॉपवर तिचं पान उघडलं. तिच्या नावावर दोनच गोष्टी होत्या : तो पेपर आणि ती दुरुस्ती.

‘इस करेक्शन में आप ही का नाम है?’ त्याने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती वाट पाहत होती. मी कपातला चहा ढवळला. त्यात साखर नव्हती, मी कित्येक वर्षं साखर घेत नाही.

‘जी, नाम मेरा ही है,’ ती म्हणाली.

ती बाहेर गेल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. ‘डॉक्टर साहब, आपकी स्टूडेंट रही है। आप क्या कहते हैं?’

मी म्हणालो, ‘मेहनती है।’

एवढंच. शास्त्रज्ञाबद्दल त्याच्या गाईडने एवढंच म्हटलं की त्या खोलीतल्या प्रत्येकाला उरलेलं आपोआप कळतं. तिची निवड झाली नाही. निकालाच्या कागदावर माझी सही तिसरी आहे.

पेपर मागे घ्यायचं पत्र मी अजून लिहिलेलं नाही. हे लिहिलं म्हणून तिचं काही परत येणार नाही, हेही मला माहीत आहे. वैशाली बरोबर होती. त्या दिवशी त्या खोलीत ते फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि प्रश्न मला विचारला गेला होता.