अक्कांचा ओटा

फोन सकाळी आला. हे दाढी करत होते म्हणून मी उचलला. फैजपूरहून शेजारची कमल बोलत होती. "वहिनी, अक्का गेल्या," एवढंच ती म्हणाली, आणि मी चक्क विचारलं, कुठे गेल्या? कारण माझी ही थोरली नणंद सदा कुठेतरी गेलेलीच असायची... मळ्यात, नाहीतर वखारीत, नाहीतर कुणाच्या लेकीच्या बाळंतपणाला. पलीकडे कमल रडायला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गालाला साबण तसाच ठेवून हे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. त्याला आता दीड-दोन महिने होत आले. अजून फोन वाजला की वाटतं, अक्काच असतील आणि हॅलो वगैरे काही न म्हणता थेट विचारतील, "काय करू राह्यली वं, सुमन?"

जळगावहून आम्ही पोचलो तोवर घर माणसांनी भरलं होतं. बायकांनी अक्कांना न्हाऊ घालायला घेतलं होतं आणि मोरीच्या दाराशी कुजबुज चालली होती. अक्कांच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. नवरा जाऊन पंचेचाळीस वर्षं उलटलेली बाई, आणि हातात हिरव्या बांगड्या. एका म्हाताऱ्या काकूंचं म्हणणं, निदान आता तरी उतरवाव्यात, वर जाऊन काय उत्तर देईल बिचारी. मी म्हटलं, काकू, तुम्ही काळजी करू नका, उत्तर द्यायची वेळ आली तर अक्का वरच्यालाच दोन प्रश्न विचारतील. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण मग बायकांनी लगेच पुढचं पाणी ओतायला घेतलं. अक्का त्या बांगड्यांसकट गेल्या. त्या हातात कशा आल्या हे गावाला माहीत आहे, बाहेर कुणाला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

अक्का लग्नानंतर चार-पाच वर्षांतच पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आल्या. मुलीचं मन रमावं म्हणून आमच्या सासऱ्यांनी त्यांना केळीच्या मळ्यात लक्ष घालायला सांगितलं. मन रमलं ते असं, की पुढे सासऱ्यांनाच मळ्यात काही बोलायची सोय उरली नाही. व्यापाऱ्याशी भांडायचं असलं की पदर खोचून त्या बांधावर उभ्या राहत आणि तो बिचारा चहा न पिताच निघून जाई. केळीच्या चिकाने हात कायम काळे. लिंबू चोळा, राख चोळा, डाग काही जायचे नाहीत. मी धुळ्याची, नवी नवरी होते तेव्हा माझ्या तोंडी अहिराणी 'शे'. "काय शे, कसं शे," म्हणून त्या माझी नक्कल करत आणि मी त्यांच्या मले-तुलेची. नणंद-भावजयीचं नातं असूनही आमचं बरं जमलं, याचं खरं कारण मी जळगावला शाळेत होते आणि हे वीज खात्यात. रोज तोंडाला तोंड लागत नव्हतं.

घर ऐन चौकात, आणि रस्त्याच्या बाजूने लांबरुंद ओटा. बाजाराच्या दिवशी त्या ओट्यावर रशीदाभाभी मणियारीण आपली बांगड्यांची टोपली उतरवायची. तिची सासूही तिथेच बसायची, आणि सासूची सासूही. गावातल्या लेकी-सुनांचे हात तिला तोंडपाठ, हिचा सांधा मोठा, तिचं हाड आडवं. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला वाकून नमस्कार करायचा ही आमच्याकडची रीत. नव्या नवरीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्या रशीदाभाभीपुढे वाकत, आणि ती प्रत्येकीला म्हणे, "सुखी ऱ्हाय माय." वाकताना तिचा धर्म काढावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. लग्नाचा चुडा भरायची वेळ झाली की अक्का मात्र, चहा टाकते, असं म्हणून आपण होऊन आत जात. विधवेची सावली नको. त्यांच्याच ओट्यावर, त्यांचाच चहा पीत हे चालायचं. मला राग यायचा, पण अक्का कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्यामुळे मीही बोलले नाही.

मग ब्याण्णवचा हिवाळा आला. आमच्या गावात दगड पडला नाही, काच फुटली नाही. मंडळाच्या पोरांनी चौकात एक फळा टांगला, एवढंच. आधी त्यावर सुविचार असायचे. मग सूचना यायला लागल्या... माल कुणाकडून घ्यावा, मजुरीला कुणाला बोलवावं, कुणाला दारात उभं करू नये. मंडळाचा पुढारी अशोक, आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला मुलगा, बोलायला फार गोड. घरोघरी जाऊन हात जोडून सांगायचा, काकू, जबरदस्ती काही नाही, आम्ही फक्त नावं लक्षात ठेवतो. मणियार गल्लीच्या तोंडावरची पाटी एका सकाळी पुसलेली दिसली आणि तिच्यावर दुसरंच नाव रंगवलेलं. कुणी रंगवलं, हे गावच्या कारभाऱ्यांना माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. एवढं मोठं गाव एका रात्रीत आंधळं होतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. लोक सोय बघत होते. कुणी मुसलमान शिंप्याकडे मागच्या दाराने कपडे पाठवी, कुणी म्हणे चार दिवसांत थंड होईल. आमचे हे त्यातलेच. देवमाणूस, पण कशाला वाकड्यात शिरायचं, हे त्यांचं ब्रीद. रशीदाभाभी दोन-तीन बाजार ओट्यावर येऊन बसली. बायका समोरून जात, ओळखीचं हसत, हात कुणी पुढे करीना. मग ती यायची थांबली. बऱ्हाणपूरला भावाकडे निघून जायचं तिच्या नवऱ्याने मनात घेतलं. भांडी पोत्यात भरायला घेतली होती.

त्यापुढच्याच उन्हाळ्यात आमच्या मीनाचं लग्न ठरलं, आणि घराण्याची रीत म्हणून ते फैजपूरच्या घरातून. अशोक आला. चुड्यासाठी बाहेरगावचा एक कासार आम्हीच सांगून ठेवलाय, तुम्हाला धावपळ नको, म्हणाला. जाता जाता हेही म्हणाला, की नवरदेवाचं गाव काही लांब नाही, इकडच्या गोष्टी तिकडे कळतात. ह्यांचा चेहरा उतरला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, म्हणाले, लेकीच्या लग्नात विघ्न नको. मी तोंड उघडणार एवढ्यात चुलीपाशी बसलेल्या अक्का म्हणाल्या, "भाऊ, ह्या घरच्या लग्नात भाभीले नाही म्हटलं, त ती गावात राहीन का?"

हे लग्नाची यादी चाळायला लागले.

"मंग एका दिवसाचा प्रश्न कसा?"

चुड्याच्या दिवशी दुपारी ओट्यावर बायका जमल्या. बाहेरगावचा कासार पेटी घेऊन आला होता. त्या गरिबाला काहीच माहीत नव्हतं, तो सरबत पीत सावलीत बसला. अक्का मात्र कुठे दिसेनात. चौकातून गलका ऐकू आला म्हणून आम्ही कडेला गेलो. भर उन्हात अक्का चालत येत होत्या. डोक्यावर बांगड्यांची टोपली, एक हात टोपलीला धरलेला, आणि मागे मोकळ्या हातांनी, मान खाली घालून रशीदाभाभी. फळ्याखाली मंडळाची पोरं उभी होती. मागच्या बोळाने रस्ता जवळचा होता, तरी अक्का पोरांच्या अगदी समोरून आल्या. एकाने विचारलं, अक्का, हे काय चालवलंय? अक्का थांबल्या, मानही न वळवता म्हणाल्या, "बांगड्या आहेत. सरक, मले ऊन लागू राह्यलं." पोरगा सरकला.

टोपली ओट्यावर उतरली, भाभीने कापड सोडलं, आणि कुणीच पुढे होईना. समोर पोरं उभी, प्रत्येकीचं नाव लक्षात ठेवायला. ह्यांची नजर जमिनीकडे. भाभी हात मांडीवर ठेवून बसलेली, तिला उठून जाताही येईना. मग अक्कांनी पदराला हात पुसले, तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि हात पुढे केला. अक्कांना नावाने हाक मारणाऱ्या एका काकूंच्या तोंडून निघालं, अगं वत्सला, तू... भाभीनेच तो हात मागे सारला.

"नका भरू, अक्का. तुमले बोलतीन लोक."

"बोलतीन त बोलतीन," अक्का म्हणाल्या. "तुले बसू नको म्हणणारे ते तिथं उभे आहेत, अन् मले आत जाय म्हणणाऱ्या ह्या इथं. सगळ्यांले एकदाच पाहू दे. माप घे."

भाभीने हात हातात घेतला. राबून लाकूड झालेला हात. तिने तो चेपला, मळला, अंगठा आत दाबून पाहिला. पहिल्या दोन वाढल्या, बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही. मनगटावर रक्ताचा थेंब आला. भाभीच्या डोळ्यांना धार लागली आणि अक्का तिला चिडवत होत्या, दोन महिने बसून खाल्लं तर एवढ्यात हात विसरलीस का म्हणून. शेवटी बसल्या एकेक, त्या डागाळलेल्या हातांवर हिरव्यागार. अक्का उठल्या, पदर घेतला आणि भाभीला वाकून नमस्कार केला.

आता खरी पंचाईत. यानंतर हात नवरीचा, तोही विधवेपाठोपाठ. मी शिकलेली, शाळेत पोरांना चार गोष्टी सांगणारी, पण आईच ना, मीनाला पुढे हो म्हणवेना. तेवढ्यात मीना पुढे झाली. "आत्या, थोडी सरक ना," म्हणाली आणि बसली भाभीपुढे. तिच्यामागून कमल आली, जिचा नवरा मंडळाच्या बैठकांना जायचा. मग आणखी काही. काही जणी हात न भरताच पदर तोंडाशी धरून घरी गेल्या, आणि त्यातल्या दोघी-तिघी पुन्हा कधीच आमच्या ओट्यावर चढल्या नाहीत. तो कासार मात्र भला निघाला. प्रकार कळल्यावर म्हणाला, एवढ्या बायका एकटीच्या हातून आटोपायच्या नाहीत, आणि भाभीच्या शेजारी आपली पेटी उघडून बसला. पोरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याही वेळी हसू आलं.

याची किंमत पडली नाही असं नाही. मीनाच्या सासूने अक्कांच्या हातांकडे बघून वाकडं केलेलं तोंड अक्षता पडेपर्यंत सरळ झालं नाही. लग्नाच्या चौथ्या दिवशी मळ्यात ऐन भरातली केळीची एक अख्खी ओळ कुणीतरी आडवी केली. मी बांधावर उभी राहून रडले. अक्का चिखलात उतरून पडलेले घड बघत फिरल्या, आणि येऊन म्हणाल्या, खालून पिलं येतीन, केळीले कोण काय करतं. तक्रार द्यायला त्या गेल्या, ठाण्यात दिवसभर बसल्या, आणि ती लिहून घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. पुढे काही झालं नाही, पण त्या बसल्या. रशीदाभाभीची भांडी पोत्यातून बाहेर निघाली. बाजाराच्या दिवशी ती ओट्यावर येत राहिली. अक्का आता आत जात नसत. नवरी असो की नसो, त्या शेजारी बसून असत, आणि बांगडी वाढली की आपला हात भाभीपुढे करत. फळा तसाच होता. त्यावर रोज काहीतरी लिहिलेलं असायचं.

तेरावं झालं आणि अशोक भेटायला आला. आता तो नगरसेवक आहे, पांढरे कपडे, मागे दोन माणसं. अक्कांबद्दल चांगलं बोलला, डोळेही पुसले. मग म्हणाला, काका, तुम्ही जळगावला, घर असं बंद ठेवून काय करणार, चौकातली जागा आहे, कार्यालयासाठी आम्ही घेऊ, तुम्ही म्हणाल तसं. आणि भाभींचीही सोय करू, तिकडे त्यांच्या त्यांच्या लोकांत. मी ह्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भाजीवाल्यालासुद्धा नाही.

"विकायचं नाही," हे म्हणाले.

विचार करून सांगा, असं अशोक म्हणाला. विचार झाला, असं हे म्हणाले आणि त्याला सोडायला दारापर्यंत गेले, कारण रीत म्हणजे रीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही मुद्दाम फैजपूरला थांबलो. हे सकाळीच उठून ओटा झाडायला लागले. झाडू कसा धरायचा ते येत नाही, निम्मी धूळ घरात आली, ती मी नंतर काढली. उन्हं वर आली तेव्हा रशीदाभाभी टोपली घेऊन आली आणि पायरीखालीच उभी राहिली. वर यावं की नाही तिला कळेना. चौकात मंडळाची माणसं नेहमीसारखी उभी होती, काही नवी, काही तीच. हे ओट्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, सगळ्या चौकाला दिसतील असे.

"भाभी, या वर," हे म्हणाले.

"भाऊ, अक्का होत्या तवर ठीक होतं. आता तुमले बोलतीन..."

"बोलू द्या," हे म्हणाले. आवाज चौकात ऐकू जाईल एवढा होता. "घर माझ्या नावावर आहे. पण ओटा अक्काचा आहे. इथं कोण बसणार ते तिनं ठरवून ठेवलंय."

भाभी वर आली. ह्यांनी पेपर उघडला, आणि बाजार उठेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत.