नायकाने मत उघड दिले

जिल्हा परिषदा नव्याने निघाल्या, तेव्हा आमच्या जिल्ह्याला पहिला अध्यक्ष निवडायचा होता. त्यात जनतेला मत नव्हते; निवडून आलेल्या सदस्यांनीच आपल्यातला एक निवडायचा. त्यामुळे प्रचार फार सोपा झाला. लोकांना काही पटवून देण्याची गरज उरली नाही. सदस्य जीपमध्ये घालून आणायचे आणि निवडणुकीपर्यंत सुटू द्यायचे नाहीत. बैलबाजारातही असेच बांधतात; फक्त बैलाला कोणी मटण वाढत नाही.

मी तेव्हा दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यावर शाळामास्तर होतो. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, परिषदेचा सदस्य झाला होता. त्याला वाचता येत नसल्याने सोबतीला त्याने मला घेतले. त्याला एकच गोष्ट हवी होती, तांड्यासाठी विहीर. उन्हाळ्यात तांड्याच्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा उकरत आणि वाटीवाटीने घागर भरत. अध्यक्षपदाला उमेदवार दोन, एक कापसाचा जिनवाला आणि एक वकील. वकिलाने विहिरीचा शब्द दिला, नायकाने मताचा.

वकिलाने आपले सदस्य नेरच्या रस्त्यावरच्या स्वतःच्या मळ्यात ठेवले होते. फाटकावर पहिलवान होते. ते पाहुण्यांच्या सेवेसाठी आहेत असे आम्हाला सांगण्यात आले. आदल्या संध्याकाळी ताटात बेलभंडार आला आणि एकेकाने तो उचलून वकिलालाच मत देण्याची शपथ घेतली.

"नायकसाहेब, उचला," वकील म्हणाला.

"काहून? माह्या तोंडानं बोललो, ते पोचलं नाई का तुमच्यापावतर?"

वकील हसला. बाकीच्यांनी भक्तिभावाने बेल उचलला. त्यातल्या काहींनी तो जिनवाल्याकडेही उचलला होता, हे पुढे कळले. महादेवाला भोळा म्हणतात ते उगीच नाही.

सकाळी जीपमध्ये मी नायकाला समजावले. वकिलाचे नाव वर आहे, तिथे फुली करायची, चिठ्ठीची घडी करून पेटीत टाकायची, कोणाला दाखवायची नाही.

"लपवाचं कायले, मास्तर? मत देऊन राह्यलो का चोरी करून राह्यलो?"

तांड्यात निवाडा चारचौघांत बसून, तोंडाने सांगत. मागे कुजबुजणाऱ्याला तिथे माणसांत धरत नसत. मी कायदा पुन्हा सांगितला. त्याने मान हलवली. तो होकार आहे असे मी धरून चाललो.

सभागृहात नायकाने फुली केली, चिठ्ठी डोक्यावर धरली आणि चारी दिशांना फिरवली.

"पाहून घ्या बाप्पा, म्या शब्द पाळला."

अधिकाऱ्याने चिठ्ठी हातातून घेतली आणि बाद केली. वकील चांगल्या चारपाच मतांनी पडला. म्हणजे नायकाचे मत धरले असते तरी तो पडलाच असता. त्याला बेल उचलणाऱ्यांनीच पाडले होते. पण ते कोण, हे चिठ्ठ्या सांगत नव्हत्या. उघडा सापडला तो एकटा नायक.

"का रे ए अडाण्या!" सकाळपर्यंतच्या नायकसाहेबांवर वकील ओरडला. "साधं मत देता येत नाही तुले? अन् विहीर पाह्यजे म्हणतो! विसर आता ते विहीर."

एवढे बोलून त्याने चेहरा पुसला, बाहेर जाऊन जिनवाल्याला हार घातला आणि त्याच्या गळ्यात पडला. शपथा घेतलेले त्याचे सदस्य गुलालात नाचत होते. वाजंत्री एकच होती, जो निवडून येईल त्याच्यासाठी ठरवलेली. पुढे दोघांत समझोता झाला आणि वकील एका समितीचा सभापती झाला. विहीरही झाली. नेरच्या रस्त्यावर, त्याच मळ्याच्या बांधाला लागून.

त्या दिवशी आम्ही एस.टी.ने परतलो. तांडा वाट पाहत होता. नायकाने झाले ते सगळे उभ्यानेच सांगितले, एक शब्द गाळला नाही. घागर घेऊन निघालेल्या एका म्हातारीने विचारले, "मंग मत कायले बाद केलं?"

नायकाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आजी, ते सगळ्यांनी पाहिलं म्हणून."

"अन् ज्याईचं कोणीच नाई पाह्यलं, ते मोजलं?"

"हो."

तिने घागर डोक्यावर ठेवली आणि झिऱ्याकडे निघून गेली.