त्यांनी माझी ओटी भरली

लग्न होऊन मी घाट चढून वालचंदनगरला आले तेव्हा मला वाटलं होतं, आता पोट भरायची चिंता मिटली. नवरा कारखान्यात फिटरच्या हाताखाली होता, राहायला पक्की खोली होती, नळाला पाणी होतं. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात मी मराठी चौथीपर्यंत शिकले आणि आई गेल्यावर घर सांभाळायला शाळा सोडली. दीड वर्षात नवरा विषमज्वरानं गेला. खोली नोकरीबरोबरची होती, ती नोकरीबरोबर गेली. वडील आधीच वारले होते. भावाचं पत्र आलं, त्यात सगळ्यांची खुशाली होती, पण 'ये' असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

आमच्या चाळीत वांगी-मिरच्या विकायला एक बाई यायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची. त्यांनी ते पत्र मला वाचायला लावलं, ऐकून घेतलं आणि पाटी डोक्यावर चढवत म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. वांगी तोडाया माणूस पायजेच हाय. आन् पत्रं वाचाया बी."

मावशी आणि त्यांचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, कळस आणि वरकुट्याच्या मधल्या एका वस्तीवर राहायचे. कालव्याचं पाणी होतं. वांगी, टोमॅटो, मिरची, कडेला लिंबाची बाग. पोर-बाळ नव्हतं. मला त्यांनी आतली खोली दिली आणि स्वतः ओसरीवर झोपू लागले. मी मुळातली घाबरट. दाराची कडी लावली की नाही हे तीन-तीनदा उठून बघायची. मावशी हसायच्या, "तुमच्या कोकणात वाघ लई, व्हय गं?" पण एकदाही कुणी मला परकी म्हटलं नाही. जेवताना पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. हे आधी सांगते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात माणसांबद्दल चांगलं फार येणार नाही.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मी एकवीस वर्षांची होते. शेजारी एका मोठ्या बागायतदाराचा मळा होता. त्याचा मुलगा तिशीतला, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. मावशी आणि आबा बारामतीच्या बाजाराला गेले होते. दुपारी मी लिंबाच्या बागेत पाट्या आणायला गेले. तिथं त्यानं मला गाठलं आणि माझ्यावर बलात्कार केला. आज हा शब्द मी लिहू शकते. त्या दिवशी तो माझ्या तोंडातून निघाला नसता.

दिवे लागायच्या आत मावशी परत आल्या. मी चुलीपुढं बसले होते आणि चूल पेटवलेली नव्हती. मी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं, "पोलिसात जायचं का न्हाय, ते तू सांग. तू जे म्हणशील त्यात मी संगट हाय."

मी म्हटलं, जायचं.

आबा दारातच उभे होते. मागं एका खुनाच्या पंचनाम्याला ते पंच होते, त्यामुळं त्यांना थोडं ठाऊक होतं. आत न बघता ते म्हणाले, "कापडं धुवू नगं म्हणावं. तशीच गुंडाळून ठेवा. सकाळी गाडी जुंपतो."

रीत अशी होती की आधी गावच्या पोलीस पाटलाकडं जायचं, मग त्यानं वर्दी द्यायची. आमचा पाटील त्या बागायतदाराचा साडू. तो खाटेवर बसून सुपारी कातरत होता. माझ्याकडं न बघता आबांना म्हणाला, "कोकणातली बाई. आज हितं, उद्या तितं. हिच्यापायी शेजाऱ्याच्या पोराचं वाटुळं करता व्हय आबा?"

"पाटील," आबा म्हणाले, "तुमी वर्दी देताय का मी थेट जाऊ?"

"दमानं घ्या की. दोन दिस जाऊ द्या."

"दोन दिसांनी काय व्हतंय? पाऊस पडतोय का?" आबांनी कासरा ओढला आणि गाडी वळवली.

ठाण्यावर फौजदार खुर्चीत होता. मला बसायला सांगितलं नाही. विचारलं, ओरडलीस का? मी म्हटलं, ओरडले. कितीदा ओरडलीस? कुणी ऐकलं का नाही मग? नवरा मरून किती वर्षं झाली? दोन? मग ही दोन वर्षं कशी काढलीस? शेवटच्या प्रश्नावर कोपऱ्यातला एक शिपाई हसला. मला आजही कळत नाही, वांगी तोडून काढली म्हणून सांगितलं असतं तर त्यानं ते लिहून घेतलं असतं का. गुन्हा त्या बागायतदाराच्या मुलानं केला होता आणि माझ्या दोन वर्षांचा हिशोब हा माणूस मागत होता.

जमादारानं फिर्याद लिहिली आणि शाईची गादी माझ्याकडं सरकवली. मी म्हटलं, मला वाचायचंय.

"वाचता येतं?"

"चौथी पास आहे."

ओळीखाली बोट ठेवून मी सावकाश वाचलं. त्यात लिहिलं होतं की सदर इसम फिर्यादीच्या अंगचटीस आला. मी म्हटलं, असं झालं नाही, यापेक्षा जास्त झालं, ते मी सांगितलंय. फौजदार म्हणाला, "अर्थ तोच."

"अर्थ तोच असेल तर मी सांगितलं तसं लिहा."

मावशींनी मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात नसता तर मी अंगठा उठवून मोकळी झाले असते, हे मला पक्कं माहीत आहे. दुपार कलली तेव्हा कागद दुसऱ्यांदा लिहून झाला. मी सही केली. माझी सही तेव्हा शाळकरी होती, वेलांटी मोठी.

मग सरकारी दवाखाना. तपासणीबद्दल मी काही लिहिणार नाही. तिथं एक नर्सबाई होती, तिनं सगळा वेळ माझं मनगट धरून ठेवलं आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला की तो हळू आवाजात मला पुन्हा सांगितला. तिचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

त्याला धरलं. तिसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटून आपल्या मळ्यात पाणी देताना दिसला. कमरेवर हात ठेवून उभा होता. मी कालव्याकडं जायचं सोडलं.

आणि मग ते झालं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

आठवडा उलटला असेल. सकाळची वेळ. आबा गावात गेले होते, मावशी वांग्याच्या वाफ्यात होत्या. त्याची आई आली. बरोबर दोन सवाष्णी, हातात ताट. ताटात नारळ, गहू, खण, सुपारी, हळकुंड आणि कोरं विटकरी लुगडं. मी घाबरून दाराआड झाले. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"पोरी," ती म्हणाली, "माझ्या पोटच्यानं तुला दुखावलं. मी आई हाय, मला तोंड न्हाय. तू मला लेकीवाणी. तुझी वटी भरती. न्हाय म्हणू नगंस."

नवरा गेल्यापासून दोन वर्षं माझी ओटी कुणी भरली नव्हती. कोण भरणार? विधवेची ओटी भरत नाहीत. संक्रांतीला वस्तीवर हळदीकुंकू असलं की मी आपण होऊन गोठ्यात जाऊन बसायची, म्हणजे कुणाला 'तू बाजूला हो' म्हणायची अडचण नको. आणि आता ही बाई, या भागातली एवढी मोठी, माझ्यासमोर ताट घेऊन उभी होती. मला वाटलं, हिला कळलं. माझं काय गेलं ते हिला कळलं आहे. ओटीला नाही म्हणायचं नसतं, हे तर आईनं लहानपणापासून शिकवलेलं. मी पदर पसरला. तिनं ओटी भरली. मी रडले, आणि वाकून तिच्या पाया पडले.

हे वाक्य मी कितीदा लिहून खोडलं. पण पाया पडले हे खरं आहे.

मावशी आल्या तेव्हा त्या बायका निघून गेल्या होत्या आणि मी पदरातला नारळ धरून बसले होते. मावशींच्या हातातली पाटी खाली पडली.

"कुणी भरली?"

मी सांगितलं.

"आगं येडे," त्या म्हणाल्या, "नवरा मेलेल्या बाईची वटी भरत्यात का कुठं? दोन साल तू हितं हाईस. एकदा तरी तिनं तुला कुकवाला दारात बोलावली व्हती का?"

दुपारपर्यंत वस्तीवस्तीवर झालं, मिटलं म्हणून. लुगडं-चोळी झाली, ओटी घेतली, पोरगी पाया पडली, आता काय राहिलं? पाटलानं एक कागद पाठवला, आपसात समजूत झाली असं लिहिलेला. मी सही केली नाही. आबा लुगडं आणि नारळ घेऊन त्या बाईच्या दारात गेले, तर आतून सांगितलं, भरलेली ओटी परत घेत नसतात. रिवाज मोडून आलेल्या बाईला तेव्हा मात्र रिवाज आठवला.

बारामतीच्या कोर्टात तारखा पडू लागल्या. प्रत्येक तारखेला मावशी बरोबर वांग्याची पाटीही आणायच्या, म्हणजे फेरी फुकट जाऊ नये. पाच-सहा वेळा आम्ही गेलो आणि पुढची तारीख घेऊन परत आलो. बाजारात ओळखीची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "साक्षीला आलीस का वांगी विकाया?"

"दोनीला," मावशी म्हणाल्या. "घ्यायचं तर वांगं घे, न्हाय तर तोंड बाजूला घे. माल दिसंना झालाय."

शेवटी माझी साक्ष निघाली. खटला पुण्याला मोठ्या कोर्टात पाठवायचा की इथंच संपवायचा, हे बारामतीचे मॅजिस्ट्रेटसाहेब ठरवणार होते. म्हणजे त्या दिवशी मी अडखळले असते तर सगळं तिथंच बुडालं असतं.

बागायतदारांचा वकील पुण्याचा होता, मराठी शुद्ध. आधी त्यानं तासभर हेच लावून धरलं की त्या दिवशी त्याचा अशील पाहुण्यांकडं परगावी होता, बागेत कुणी गेलंच नाही, काही घडलंच नाही, बाईनं कुभांड रचलं. मग त्यानं आवाज खाली आणला.

"आरोपीच्या आईनं तुझी ओटी भरली?"

"हो."

"तू पदर पसरलास?"

"हो."

"पाया पडलीस?"

"हो."

मागं बसलेली माणसं हसली. पाटील त्यांच्यात होता. वकील म्हणाला, "म्हणजे प्रकरण तुझ्या संमतीनं मिटलं होतं. मग ही फिर्याद कशाला चालवतेस?"

मी पिंजऱ्याचा कठडा धरला होता, त्याला घाम लागून तो निसरडा झाला होता. मी मावशींकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, मांडीवरच्या भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा मारत होत्या. त्यांनाही वाटलं होतं, संपलं.

मला राग आला. ठाण्यावर आला नव्हता, दवाखान्यात आला नव्हता, इतके महिने नुसती भीतीच वाटत होती. आता आला तो माझा मलाच अनोळखी होता. मी म्हटलं, "साहेब, एक विचारू का?"

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "साक्षीदारानं विचारायचं नसतं. सांगायचं असतं."

"मग सांगते. वकीलसाहेब तासभर म्हणाले, काही घडलंच नाही. मग ओटी कशाची भरली? विधवेची ओटी आमच्याकडं कोकणात भरत नाहीत, इथंही भरत नाहीत. यांच्या आईनं ती भरली, दोन सवाष्णींच्या देखत. न घडलेल्या गोष्टीसाठी एवढा रिवाज कुणी मोडतं का? आणि घडलं होतं म्हणून भरली असेल, तर हे परगावी कसे होते?"

साहेबांनी लेखणी उचलली, पुन्हा ठेवली आणि कारकुनाला म्हणाले, "बाईच्याच शब्दांत घ्या." मग वकिलाला विचारलं, आरोपीच्या आईला साक्षीला आणणार आहात ना? ती दारापाशी बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. समेट झाला हे तिनंच सांगायचं होतं. वकिलानं कागद चाळले आणि म्हणाला, आता आवश्यकता वाटत नाही. ती उठून बाहेर गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. त्या सकाळचे तिचे अश्रू खरे होते का खोटे, मी पुष्कळदा विचार केला. खरे असतील तर राग जास्तच येतो.

खटला पुण्याला गेला. तिथं आणखी वर्ष गेलं. त्याला चार वर्षांची सजा झाली. आबांनी तिथल्या एका कारकुनाला विनवून निकालाचा कागद मिळवला. तो इंग्रजीत होता. कारकून बिचारा जेवणाची सुट्टी सोडून आम्हाला मराठीत सांगत बसला. ओटीच्या रिवाजावर दोन पानं होती. कोण भरतं, कुणाची भरतात, कुणाची भरत नाहीत. मावशींनाही इतकं कधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर एक परिच्छेद. मी विचारलं, माझ्या बोलण्याबद्दल काय लिहिलंय? त्यानं पानं उलटली, बोट फिरवलं आणि वाचलं. एक वाक्य होतं. या सर्व परिस्थितीत फिर्यादीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

मी त्याला ते पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. तेच होतं.

म्हणजे ती बाई त्या सकाळी आपल्या घरी बसून राहिली असती, तर माझं बोलणं, माझी फाटलेली चोळी, मनगट धरलेली ती नर्स, सगळं असून तो सुटला असता. त्यानं काय केलं ते मी सांगितलं, ते पुरलं नाही. त्याच्या आईनं काय केलं ते सांगितलं, तेव्हा पुरलं.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "जितलीस की पोरी. तोंड असं का?"

"आबा, हरकत नाही म्हणजे काय हो?" मी म्हटलं. "हरकत होती कशाची?"

मावशींनी माझ्या हातातला कागद घेऊन कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "तिला राग आलाय. येऊ द्या. लई दिसांनी आलाय." मग आम्ही इंदापूरच्या एस.टी.च्या रांगेत उभे राहिलो, आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसानं पुढं सरकायला मला कोपरानं ढोसलं तेव्हा मी वळून त्याला इतक्या मोठ्यानं बोलले की अख्खी रांग बघायला लागली.